वास यी ऱ्हायना

तिच्या डोळ्यांवर मी पाणी ओतत होते आणि ती डोळे उघडत नव्हती. भाजीच्या टेम्पोत, ओल्या गोणपाटावर माझी सून आडवी पडली होती. तोंड उघडं, छाती वरखाली होतेय, पण आवाज नाही. कण्हण्याचाही नाही. तिच्या बाजूला तिच्याच कारखान्याच्या पॅकिंगमधल्या आणखी दोघी एकमेकींवर कलंडलेल्या. माझा तांब्या रिकामा झाला की शेजारीण कळशीतून दुसरा भरून द्यायची. टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबून धरला होता, तरी विसरवाडीच्या चौकात ट्रकवाले हलेनात. सगळ्यांच्या कपड्यांना तो गॅसचा वास चिकटला होता, डोक्यात घुसणारा. मी सुनेच्या गालावर चापट मारली. जोरात मारली. "बोल," म्हटलं, "काहीतरी बोल." तिनं माझं मनगट पकडलं आणि नखं रुतवली. तेवढ्यावरून मला कळलं की ती आहे.

चिंचपाड्याच्या दवाखान्यात तिला आत घेतलं आणि दार लागलं. मी बाहेर फरशीवर बसले. शेजारणीचा मुलगा त्याच कारखान्यात फिटर होता. त्याला दुसऱ्या गाडीतून आणलं. तो खोकत होता, पण आपल्या पायांनी उतरला. शेजारणीनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि मग माझ्याजवळ येऊन बसली. त्यानंतर तिसरी गाडी आली. तिच्यात कारखान्याचा इंजिनिअर होता. त्याच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

कारखाना विसरवाडीहून खांडबाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. भेंडी, मका, वाटाणे चिरून-सोलून तिथं बर्फासारखे गोठवतात आणि पिशव्या भरून दूरदेशी पाठवतात. गोठवायला अमोनिया लागतो. तो नळ्यांतून फिरतो. नळीतून बाहेर आला तर डोळे जातात, घसा जळतो, आणि खोली बंद असेल तर माणूस जातो. हे आम्हाला नंतर कळलं. आधी एवढंच माहीत होतं की कारखाना आला, आता इकडच्या बायकांना ऊसतोडीला गुजरातेत जावं लागणार नाही.

माझी हायवेवर, कारखान्याचा रस्ता फुटतो तिथंच, भज्यांची आणि चहाची गाडी. मुलगा सुरतेच्या ट्रकवर, महिन्यातले थोडेच दिवस घरी. सून बारावी शिकलेली म्हणून तिला पॅकिंगच्या हॉलमध्ये बायकांवर मुख्य नेमलं. हॉलमध्ये भिंतीवर एक फोन होता, यंत्रांच्या खोलीशी बोलायचा. तो फक्त तिनं उचलायचा. शेजारीण शिवणकाम करते. तिची मशीन माझ्या गाडीच्या मागच्याच खोलीत, त्यामुळे आमचं दिवसभर बोलणं चालू. मी तिला भाभी म्हणते, ती मला मावशी.

इंजिनिअर कोल्हापूरकडचा होता. पोरगेलासा, हसरा, सारखा घाईत. माझ्या गाडीवर यायचा, "आजी, भजी हाईत का?" म्हणायचा. मला तो फारसा आवडत नसे. एकदा मी चहा गॅसवर ठेवलेला, त्यानं विचारलं, मी उत्तर दिलं, आणि हा उठून मोटारसायकलवर टांग मारून गेलाच. मी उकळलेला चहा हातात घेऊन उभी. भाभी मशीनवरून ओरडली, "मावशी, तुन्हा चहाले घाबरना तो!" मी म्हटलं, असेल उर्मट, मोठ्या पगाराचा.

त्या दिवशी सकाळी पॅकिंग हॉलच्या वरच्या नळीतून गॅस झिरपत होता. भाभीच्या मुलानं शिडी लावून जोड आवळला. मग इंजिनिअरनं यंत्रांच्या खोलीतून हॉलमध्ये फोन लावला. सुनेनं उचलला. फोन ठेवून त्यानं भाभीच्या मुलाला सांगितलं, "वहिनी म्हणतात वास नाही. चालू कर." यंत्र पूर्ण जोरावर गेलं आणि जोड उडाला.

हॉलचं मागचं दार बायका वेळेआधी निघून जाऊ नयेत म्हणून बाहेरून कडी लावलेलं असे. पुढच्या दारातून एकमेकींना तुडवत त्या बाहेर आल्या. सून सगळ्यांत शेवटी आली. इंजिनिअर वाल्व बंद करायला आत गेला. भाभीचा मुलगा त्याच्यामागून जात होता, त्याला त्यानं छातीवर हात ठेवून मागे ढकललं. गॅसचे मुखवटे होते, पण कपाटात आणि कपाटाला कुलूप. तो ओला रुमाल तोंडाला बांधून गेला. वाल्व त्यानं बंद केला. बाहेर त्याला दुसऱ्यांनी आणला.

सून वाचणार असं डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. घसा आतून भाजला होता, बोलायचं नाही, डोळ्यांवर पट्टी. त्याच दिवशी कंपनीचा माणूस आणि पोलीस आले. कंपनीच्या माणसानं चप्पल दाराबाहेर काढली, मला "आई" म्हणाला, आणि मग सांगितलं की वास येत असताना नाही म्हणून सांगितल्याबद्दल सुनेवर गुन्हा दाखल होतो आहे. एक माणूस मेला आहे, कुणीतरी जबाबदार लागतंच.

"तिनं असं सांगितलं हे कोण म्हणतं?"

"इंजिनिअर साहेबांनी तसं वर कळवलं होतं, आई. मशीन चालू करायच्या आधी. आणि तुमच्या शेजारणीच्या मुलानं ऐकलंय."

मी सुनेच्या हातात पेन दिलं. पट्टी असल्यामुळं तिनं अंदाजानं लिहिलं, अक्षरं एकमेकांवर चढलेली. "मी वास येतोय असं सांगितलं." पोलिसानं वाचलं आणि कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, "आता असंच लिहिणार ना." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, घाबरून चूक झाली एवढं तिनं मान्य केलं तर औषधपाण्याचं कंपनी बघेल, आणि प्रकरणही हळूहळू थंड होईल. मी त्याला त्याची चप्पल दाखवली.

बाहेर आल्यावर भाभीला म्हटलं, "तुझ्या पोरानं काय सांगितलं पोलिसांना?"

"जे ऐकलं ते."

"माझी सून खोटं बोलते?"

"आणि मन्हा पोर खोटं बोलस?" ती उभी राहिली. "मावशी, त्या साहेबनी मन्हा पोरले बाहेर ढकललं. तो नसता तर आज मी रडत बसली असती. त्या मेलेल्या माणसाला मी खोटा म्हणू?"

"मी म्हणते," मी म्हटलं. "खोटारडा होता. स्वतःची चूक झाकायला सुनेच्या नावावर ढकलून गेला."

भाभी निघून गेली. तिच्या मशीनचा आवाज बंद झाला, तिनं ती आतल्या खोलीत हलवली. गाडीवर कढईच्या आवाजाखेरीज मला आता दुसरा आवाज नव्हता. एवढी वर्षं आम्ही बोलत होतो. आता तिचं खरं असेल तर माझी सून तुरुंगात, माझं खरं असेल तर तिच्या मुलाला वाचवणारा माणूस लबाड. तिसरं काही असू शकतं हे दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

कारखाना बंद होता. त्यामुळं गावही माझ्यावर उलटलं. पॅकिंगमधल्या बायका गाडीवर यायच्या, भजी घ्यायच्या नाहीत. एक म्हणाली, "आजी, तिला म्हणा हो म्हण. चार दिवस बोलतील लोक. कारखाना सुरू होईल." दुसरी म्हणाली, "नाहीतर दिवाळीनंतर कोयता घेऊन आम्ही सगळ्या बारडोलीला. तुम्ही पोरं सांभाळणार का आमची?" त्यांचं चुकत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, पोरं आणा, सांभाळीन, पण हो म्हणायला सांगणार नाही. त्या रागानं गेल्या.

मग कळलं की दिल्लीची समिती येणार. खासदारांची. सरकारनं दंड लावूनही कंपन्या तो का भरत नाहीत, सवलतीत जमीन घेऊन स्थानिकांना कसल्या नोकऱ्या देतात, संशोधनाला दिलेला पैसा कुठं जातो, हे ती गावोगाव जाऊन विचारत होती. आमच्या कारखान्याचं नाव तिन्ही गोष्टींत होतं. तहसीलचा माणूस घरी आला. सून बोलू शकत नाही, घरातलं कुणीतरी या, म्हणाला. मुलगा म्हणाला मी जातो. मी म्हटलं, तू त्या दिवशी वापीला होतास, तू काय सांगणार. मी जाते.

नंदुरबारला कलेक्टर कचेरीतल्या हॉलमध्ये ती बैठक होती. लांबच लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. मधोमध अध्यक्ष बाई. त्या दक्षिणेकडच्या होत्या, त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा वाईट. एका बाजूला कंपनीचे मोठे साहेब, त्यांच्यामागे वकील. दुसऱ्या बाजूला मी. माझ्याशेजारी एक तरुण अधिकारी बसवला होता, मी मराठीत बोलायचं आणि त्यानं हिंदीत सांगायचं. मागे खुर्च्यांवर गावातली माणसं, पत्रकार, कचेरीतले शिपाई. भाभीसुद्धा होती. मुलाला बोलावलं म्हणून त्याच्यासोबत आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

घरी आम्ही अहिराणी बोलतो. पण शाळेत चौथीपर्यंत पुस्तकी मराठी घोकली होती, मोठ्या लोकांपुढे तीच बोलायची हे डोक्यात पक्कं. म्हणून मी सावकाश, शब्द जोडून बोलत होते. सून कशी आहे, किती वर्षं कामाला, कधी कुणाची तक्रार नाही. तो अधिकारी बरोबर सांगत होता. मग कंपनीच्या साहेबांनी आपली बाजू सांगितली. शांतपणे, वाईट शब्द न वापरता. आमच्या इंजिनिअरनं काळजी घेतली, विचारलं, बाईंनी वास नाही म्हणून सांगितलं, तो मुलगा स्वतः जीव देऊन गेला. ऐकणाऱ्यालाही ते खरं वाटावं.

अध्यक्ष बाईंनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठं होता, तुम्हाला वास आला का?

तेव्हा माझी पुस्तकी मराठी संपली. राग आला की ती टिकत नाही.

"आला म्हणजे? मन्ही गाडी तठेच शे! मी हिले सांगं," मी वळून भाभीकडे बोट दाखवलं, "मी हिले आवाज दिना, भाभी वं, वास यी ऱ्हायना, खिडकी लाय!"

अधिकाऱ्यानं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "माताजी कह रही हैं कि उनका ठेला वहीं है, उन्होंने पड़ोसन को आवाज़ देकर बताया, बदबू नहीं आ रही है, खिड़की लाओ."

टेबलावरचे एक खासदार म्हणाले, खिडकी लाओ म्हणजे काय? दुसरे म्हणाले, ते जाऊ द्या, इतक्या जवळ गाडी असून वास नव्हता, म्हणजे गळती फार उशिरा सुरू झाली. कंपनीच्या साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला हिंदी समजतं. पण मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. मी त्या अधिकाऱ्याकडे बघत राहिले.

मागून भाभीचा आवाज आला. बाईचा आवाज आधीच मोठा, मशीनवर बसून ओरडायची सवय. "ओ साहेब! उलटं सांगी ऱ्हायना तू!"

अध्यक्ष बाईंनी विचारलं, ही काय म्हणते?

अधिकारी लाल झाला. "जी, वह कह रही हैं कि... मैं उलटा नहीं बता रहा हूँ."

मागचे शिपाई हसले. मग पत्रकार हसले. कुणीतरी म्हणालं, "काय दुभाषा शे बापा!" अध्यक्ष बाईंनी टेबलावर हात आपटला. हसण्यासारखं काय आहे, इथं एक माणूस मेलाय. हॉल गप्प झाला. कुणी उठून सांगेना, कारण त्या अधिकाऱ्याची चूक सगळ्यांसमोर कोण काढणार.

आणि त्या शांततेत मला तो चहा आठवला. इंजिनिअरनं विचारलं होतं, "आजी, चहा झाला का?" मी म्हटलं होतं, "व्हई ऱ्हायना, बस." होतोय, बस. आणि तो उठून गेला होता.

मी अधिकाऱ्याला विचारलं, "तू कुठला रे, बाबा?"

"साताऱ्याचा," तो म्हणाला. आवाज पडलेला.

"वास यी ऱ्हायना. तुझ्या कानाला काय ऐकू आलं?"

"येईना. वास येईना. म्हणजे येत नाही."

मी मागे वळले. भाभी उभीच होती. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मी तिच्याशी बोलले. "भाभी, तुन्हा पोरले इचार. साहेबनी फोनवर काय इचारं व्हतं?"

तिचा मुलगा खुर्चीवरून उठला. "'वहिनी, वास येतोय का अजून?' असं."

"आणि मन्ही सून काय बोलनी व्हई?"

भाभीनं ओढणीचं टोक तोंडावर दाबलं. मग ती हळू म्हणाली, तिच्या आयुष्यात ती इतकं हळू कधी बोलली नसेल.

"यी ऱ्हायना."

मागे कुणी हसलं नाही.

ते टेबलावरच्यांना समजावून सांगायला वेळ लागला. एक म्हातारे शिपाई पाण्याच्या बाटल्या ठेवत होते, तेही बोलले, मागचे दोन पत्रकार बोलले, सगळे एकदम. आमच्याकडे ऱ्हायना म्हणजे राहिलाय, चालू आहे. करी ऱ्हायना म्हणजे करतोय. देशावरच्या माणसाला त्यात 'नाही' ऐकू येतं. अध्यक्ष बाईंनी प्रत्येकाला दोनदोनदा विचारलं. मग कंपनीच्या साहेबांकडे वळल्या. त्यानंतर त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी त्यांना सोडलंही नाही.

यंत्रांच्या खोलीत इथली भाषा येणारं कोण होतं? कुणी नाही, एक फिटर सोडून. का नाही? त्या जागांना शिक्षण लागतं. जमीन घेताना तुम्ही लिहून दिलं होतं की इथल्या पोरांना ते शिक्षण द्याल. प्रक्रिया सुरू आहे, मॅडम. तपासणी अधिकाऱ्यानं मुखवटे बाहेर ठेवायला सांगितलं होतं, मागच्या दाराची कडी काढायला सांगितली होती, दंड लावला होता. आम्ही अपिलात आहोत. कडी काढायला अपील लागतं? साहेब पाणी प्याले.

मग त्यांनी संशोधनाचं विचारलं. गॅस हवेत आला की आपोआप ओळखणारं आणि यंत्र बंद पाडणारं उपकरण बनवायला सरकारनं कंपनीला पैसा दिला होता. ते कुठं आहे? साहेब म्हणाले, नमुना तयार आहे, दिल्लीच्या प्रदर्शनात ठेवला होता, चाचण्या चालू आहेत. हॉलमध्ये बसवला नव्हता? नाही. मग इतके दिवस गॅस ओळखत कोण होतं?

साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलानं कागद चाळले. तेव्हा साहेब म्हणाले, "लाइन की महिलाएँ सूँघकर बताती थीं."

दुभाष्यानं ते माझ्यासाठी मराठीत सांगितलं नाही. गरज नव्हती.

बाहेर व्हरांड्यात तो अधिकारी माझ्याजवळ आला. पांढराफटक पडला होता. मला वाटलं माफी मागेल. तो म्हणाला, "आजी, मी इथं आल्यापासून जनता दरबारात लोकांचं ऐकून लिहून घेतोय."

भाभी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होती. मी जाऊन बाजूला बसले. मग ती म्हणाली, "खिडकी लाओ." मी म्हटलं, "काय?" "तू म्हनी खिडकी लाय, म्हंजे लाव. त्यानी सांगं, खिडकी आण. मी कोठून आनू खिडकी?" आणि ती हसायला लागली, आणि हसताहसताच रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही.

त्या संध्याकाळी मी थेट चिंचपाड्याला गेले. सुनेच्या डोळ्यांवरची पट्टी तोवर काढलेली होती, एका डोळ्यानं तिला नीट दिसत होतं. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं पेन मागितलं. तिनं लिहिलं की मी यी ऱ्हायना म्हटल्यावर साहेब म्हणाले होते, "बरं झालं, वहिनी." आणि फोन ठेवला होता. वास येतोय ऐकून माणूस बरं झालं कसं म्हणेल, हे तिला तेव्हापासून कळत नव्हतं. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मेलेला माणूस वेडा ठरेल म्हणून.

मी तिला विचारलं, आधीच हाच शब्द का नाही लिहिलास, येतोय असं का लिहिलंस? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच मूर्ख. लिहिताना असं लिहितात का कुणी, तिनं लिहिलं.

खरं होतं. शाळेत आमच्या मास्तरांनी अहिराणीत लिहिलं की हातावर पट्टी मारायची. तिच्याही मारली असेल.

भाभीच्या मुलानं कोल्हापूरला फोन लावून दिला. इंजिनिअरचे वडील बोलले. मी त्यांना सांगितलं की तुमच्या मुलाला मी इथं खोटारडा म्हणत फिरले, तो तसा नव्हता, त्याला जे ऐकू आलं ते त्यानं सांगितलं. त्यांनी मला शब्द दोनदा म्हणायला लावला. दोन्ही वेळा त्यांनाही तो उलटाच ऐकू आला. मग फोन त्यांनी ठेवला की तुटला, माहीत नाही.

समितीनं दिल्लीत अहवाल ठेवला. त्यात एक परिच्छेद आमचा आहे असं पत्रकारानं गाडीवर येऊन वाचून दाखवलं. सुनेवरचा गुन्हा पोलिसांनी काढून घेतला. त्यासाठी आम्हाला विसरवाडीच्या ठाण्यात बरेच खेटे घालावे लागले, पण काढला. सुनेचं नाव कागदावरून गेलं. मला एवढंच हवं होतं.

बाकीचं अर्धंमुर्धं झालं. कारखाना पुन्हा सुरू झाला. मागच्या दाराची कडी काढली. यंत्रांच्या खोलीत यंत्र चालवायला आता इथले दोघे आहेत, त्यातला एक भाभीचा मुलगा. दंड अजून अपिलातच आहे. हॉलच्या भिंतीवर एक पांढरी पेटी बसवली आहे, तिच्यावर हिरवा दिवा. ती खरंच वास ओळखते की नुसता दिवा लावलाय, हे बायकांना माहीत नाही. त्या अजूनही नाकानं हुंगतात आणि आता फोनवर सांगताना "येतोय" असंच म्हणतात, पुस्तकातलं. तसा नियमच केला आहे.

सून परत गेली नाही. मी जा म्हटलं नाही, नको जाऊ असंही म्हटलं नाही. ती माझ्यासोबत गाडीवर भजी तळते. आवाज परत आला, पण घोगरा, जेमतेम टेबलापलीकडे पोचेल एवढा. उजव्या डोळ्यानं तिला अंधूक दिसतं. टेम्पोतल्या त्या दोघींपैकी एक बरी होऊन पॅकिंगला लागली, दुसरी तिच्या माहेरी आहे, तिला चालताना दम लागतो. भाभीचा मुलगा जगला. माझी सून जगली. इंजिनिअर गेला. त्याचं वय माझ्या मुलाएवढं होतं.